सूनबाईचा व्यवसाय, जीवदया आणि माझी वही



गेल्या महिन्यात अभिषेक झाल्यावर मंदिराच्या पायऱ्यांवर आम्ही चौघीपाचजणी बसलो होतो. एका तरुण मुलीनं विचारलं, "काकू, तुमच्या धाकट्या वैनी कुत्र्यांच्या डॉक्टर आहेत ना?" शेजारच्या आक्कांनी लगेच दुरुस्ती केली, "डॉक्टर नव्हं गं, ती कुत्र्यांना शेकहँड करायला शिकवते." दोन्ही चूक. आणि मग तिसरीनं जे विचारलं त्यासाठी हा लेख लिहायला बसले आहे. ती म्हणाली, "मुक्या जिवाचं काम आणि त्याचे पैसे घेता होय?"

तिथे मी नुसती हसले. उत्तर सुचलं, पण देवाच्या दारात वाद नको म्हणून गप्प बसले. आता इथे सविस्तर सांगते.

आधी काम काय ते. कुत्रं आजारी पडलं तर पशुवैद्य. बस, ऊठ, थांब शिकवायचं तर प्रशिक्षक. पण कुत्रं एकटं राहिलं की दार ओरबाडतं, आजोबांच्या काठीवर धावून जातं, जेवणाच्या भांड्याजवळ कुणी गेलं की गुरगुरतं, बेल वाजली की अर्धा तास भुंकतं, याला नुसत्या औषधानं भागत नाही आणि 'बस' म्हणूनही ते थांबत नाही. तिथं सूनबाईचं काम सुरू होतं. ती घरी जाते, दीडदोन तास बसते. कुत्र्याला हातही लावत नाही. विचारत राहते: खातं काय, झोपतं कुठं, दिवसातून किती वेळा बाहेर जातं, घरात सगळ्यात जास्त ओरडतं कोण. बऱ्याचदा ती पहिल्याच दिवशी सांगते, आधी पशुवैद्यांकडून कान, दात, सांधे तपासून घ्या. दुखणाऱ्या जनावराचा स्वभाव बिघडलेला नसतो, ते नुसतं दुखत असतं. आमच्या घरात याला 'कुत्र्यांचं काम' म्हणतात. तिच्या कार्डावर 'श्वानवर्तन सल्लागार' असं छापलंय.

हे आमच्या घरात कसं आलं? ऑगस्ट २०१९ च्या पुरात. सांगलीकरांना वेगळं सांगायला नको. माणसं बोटीतून बाहेर पडली, कुत्री गच्चीवर राहिली. पाणी उतरल्यावर एक तपकिरी गावठी कुत्रा आमच्या फाटकाशी येऊन बसला. पावसाचा आवाज झाला, एखादं पातेलं पडलं तरी तो थरथर कापायचा. मी स्पष्ट सांगितलं होतं, कुत्रं घरात नको. चौका आहे, देवघर आहे, सोवळंओवळं आहे. सून म्हणाली, "आई, मागच्या व्हरांड्यात राहील. स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडणार नाही." आजपर्यंत त्यानं तो ओलांडलेला नाही, हे शेरूच्या बाजूनं सांगायला हवं. माझ्या नातवंडांनी मात्र शंभरदा चपला घालून ओलांडलाय.

शेरूची भीती घालवायची म्हणून ती शिकत गेली. रात्री दोनदोन वाजेपर्यंत ऑनलाइन वर्ग, परीक्षा, वह्या. पावसाचा आवाज मोबाईलवर अगदी बारीक लावायचा आणि सोबत पनीरचा तुकडा द्यायचा. कुत्रा शांत राहिला तरच दुसऱ्या दिवशी आवाज थोडा वाढवायचा. घाई केली की पुन्हा पहिल्यापासून. सहा महिने हे चाललं. दुसऱ्या वर्षी पावसाळ्यात शेरू झोपून राहिला, आणि माझं मत बदललं.

मत पक्कं झालं ते दशलक्षण पर्वात. आपण सगळ्याच त्या दहा दिवसांत तत्त्वार्थसूत्र वाचतो. सातव्या अध्यायात अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार येतात: बांधून ठेवणं, मारणं, अवयव छेदणं, झेपणार नाही इतकं ओझं लादणं आणि अन्नपाणी रोखणं. इतकी वर्षं मी ते बैलाच्या, गाडीच्या संदर्भात ऐकत आले होते. त्या वर्षी ऐकताना वाटलं, अरे, ही तर कुत्रं 'सुधारायच्या' जुन्या पद्धतींचीच यादी आहे. आखूड साखळीनं दिवसभर बांधा, काठी दाखवा, दिसायला छान म्हणून कानशेपूट कापून आणा, उपाशी ठेवा म्हणजे भाकरीसाठी ऐकेल. आता यात विजेचा धक्का देणाऱ्या पट्ट्याची भर पडली आहे. सून यातलं काहीच करत नाही. ती म्हणते, भीतीनं गप्प बसलेलं कुत्रं आणि शांत कुत्रं यात फरक असतो, पण तो लांबून दिसत नाही.

गुरगुरण्याचंच घ्या. आपल्याला वाटतं गुरगुरणं म्हणजे माज, एक फटका द्यावा. खरं तर ती सूचना असते. त्याआधीही कुत्रं बरंच काही सांगून मोकळं झालेलं असतं: झोप नसताना जांभई, सारखं ओठ चाटणं, तोंड फिरवणं, डोळ्यांचा पांढरा भाग दिसणं, अंग ताठ करणं. नॉर्वेच्या तुरिद रुगास यांनी या खुणांवर एक छोटं पुस्तक लिहिलंय, ते आमच्या टीव्हीच्या कपाटावर असतं. मार देऊन गुरगुरणं बंद केलं तर भीती जात नाही, सूचना तेवढी जाते. पुढच्या वेळी ते न सांगता चावतं.

आता व्यवसायाकडे येते. मी बी.कॉम. पदवी घेऊन चाळीस वर्षं दुधाचा हिशोब लिहिला. सुनेनं काम सुरू केलं तेव्हा मी म्हटलं, वही माझ्याकडे. सुरुवातीला तिनं सगळे करतात तेच केलं, मोबाईलवर पैसे भरून जाहिरात. सहा हजार रुपये गेले. फोन खूप आले. "लॅबचं पिल्लू केवढ्याला?" "आम्ही तिरुपतीला चाललोय, चार दिवस ठेवून घ्याल का?" एकानं तर म्हैस दूध देत नाही म्हणून फोन केला. खऱ्या कामाचे जेमतेम तीन.

मी वहीत एक रकाना आखला: 'कुणाकडून कळलं'. प्रत्येक नव्या घराला हे विचारायचंच. वर्षाअखेरीस बेरीज केली तर जाहिरातीचे ते तीनच. बाकी सगळी घरं चार वाटांनी आली होती: दोन पशुवैद्य, एका सोसायटीची बैठक, एक शाळा आणि आधीच्या घरांनी सांगितलेलं. वही सुनेपुढे ठेवली आणि म्हटलं, बाई, तुझा माल लोकांना ठाऊकच नाही. ज्याचं नावच लोकांना माहीत नाही ते जाहिरातीत दिसलं तरी घेणार कोण? आधी लोकांत जाऊन हे काय असतं ते दाखव.

माझं म्हणणं हेच आहे. अशा व्यवसायाला माणसांत मिसळण्यावाचून दुसरं भांडवल नाही. दुकानात माल दिसतो. इथे अनोळखी बाईला घरात घ्यायचं आणि आपलं कुत्रं सासऱ्यांना चावलं हे तिच्यापाशी कबूल करायचं. एवढा विश्वास फोनवरच्या चित्रानं येत नाही.

सोसायटीची बैठक मी डोळ्यांनी पाहिली. सून म्हणाली, "आई, सोबत चला, मला एकटीला भीती वाटते." चाळीस माणसं, दोन तट. एका बाजूला भटक्या कुत्र्यांना भाकरी घालणाऱ्या बायका, दुसऱ्या बाजूला लहान मुलांचे आईवडील. मला दोघांचंही पटत होतं. सुनेनं कुणाचीच बाजू घेतली नाही. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांत काय आहे तेवढं सांगितलं: खाऊ घालायची जागा ठरवायची, ती मुलांच्या खेळायच्या जागेपासून, जिन्यापासून, येण्याजाण्याच्या वाटेपासून लांब हवी, वेळही ठरलेली हवी. २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयानंही ठरवलेल्या जागीच खाऊ घाला असं सांगितलंय. मग ती सगळ्यांना घेऊन आवारात फिरली. सायकल स्टँडच्या मागची भिंत सर्वांना मान्य झाली. नसबंदी आणि लसीसाठी महापालिकेला द्यायचा अर्ज तिथेच लिहिला. त्या रात्री तिनं स्वतःच्या व्यवसायाबद्दल एक शब्द काढला नाही. मला राग आला होता, निदान कार्ड तरी वाटायचं! पण पुढच्या दोन महिन्यांत त्याच सोसायटीतून पाच घरांनी बोलावलं. त्यातली दोन त्या रात्री सगळ्यात मोठ्यानं भांडणाऱ्यांची होती.

शाळेचंही तसंच. २८ सप्टेंबरला जागतिक रेबीज दिन असतो. त्या सुमारास ती शाळांत जाते, पैसे न घेता. मुलांना 'झाड' व्हायला शिकवते. अनोळखी कुत्रं अंगावर आलं तर पळायचं नाही, ओरडायचं नाही, हात जुळवून खाली धरायचे, नजर पायांकडे, आणि झाडासारखं उभं राहायचं. चावलंच तर साबण आणि वाहत्या पाण्यानं १५ मिनिटं जखम धुवायची, त्याच दिवशी दवाखान्यात जायचं आणि लसीचे सगळे डोस पूर्ण करायचे. रेबीजची लक्षणं एकदा दिसू लागली की माणूस जवळपास कधीच वाचत नाही. आपल्याकडे अजून जखमेवर हळद नाहीतर चटणी भरतात. हळद सांगलीची असली तरी तिथं नको! मुलं हे घरी जाऊन आईला सांगतात, आणि आई फोन करते.

तासगावच्या बाजूला एका बचत गटात ती बोलायला गेली तेव्हा सगळ्यात जास्त खळबळ बेदाण्यांवरून झाली. तिकडं घरोघरी बेदाणा. कुत्र्यालाही लाडानं मूठभर घालतात. द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्याच्या मूत्रपिंडाला घातक ठरू शकतात, हे तिथं कुणालाच ठाऊक नव्हतं. एक बाई म्हणाली, "आमचा मोत्या गेला तो यानंच का?" सून म्हणाली, "आता ते सांगता येणार नाही, वैनी." खोटं सांत्वन नाही, घाबरवणंही नाही. कांदालसूणही कुत्र्याला चालत नाही, त्यानं रक्तातल्या तांबड्या पेशी खराब होतात. ते ऐकल्यावर मला आपल्या चौक्याचा जरा अभिमानच वाटला. शेरू आमच्याबरोबर सूर्यास्तापूर्वी जेवतो, हेही सांगून टाकते. त्याला व्रत नाही. सातनंतर वाढायला घरात कुणी उठत नाही, एवढंच.

पशुवैद्यांकडून घरं येतात त्याचं कारण साधं आहे. ज्यांनी पाठवलं त्यांना ती काम झाल्यावर अर्ध्या पानाचा कागद पाठवते: काय दिसलं, काय सांगितलं, कुठं त्यांनी लक्ष घालावं. औषधाचं नावसुद्धा ती काढत नाही, ते त्यांचं काम. आपली हद्द ओळखणाऱ्या माणसाकडे गिऱ्हाईक पाठवायला दुसऱ्याला भीती वाटत नाही.

आता त्या प्रश्नाकडे येते. पैसे का घेता?

हा प्रश्न मंदिरात पहिल्यांदा आला नाही. व्यवसायाच्या दुसऱ्या वर्षी नात्यातल्याच एका मोठ्या माणसानं सुनेला तोंडावर सांगितलं होतं, जीवदयेचा बाजार मांडू नये. ती रडली नाही, पण तिनं फी घेणं बंद केलं. चार महिने. फोन तिप्पट झाले. रात्री अकराला, "जरा कुत्रं भुंकतंय, फोनवरच सांगा ना." कुणी वेळ घेऊन घरी नसायचे, कुणी सांगितलेला एकही उपाय करायचे नाहीत आणि महिन्यानं पुन्हा तोच प्रश्न. इकडं पेट्रोल, वर्गाची फी, नातवाची ट्यूशन. चौथ्या महिन्याच्या शेवटी ती म्हणाली, "आई, मी बँकेतली जुनी नोकरी परत मिळते का बघते."

त्या रात्री मी वही उघडली. चार महिन्यांत तिचे किती तास गेले ते मांडलं. फी देणाऱ्या घरांत किती कुत्री सुधारली आणि फुकटच्या घरांत किती, हेही मांडलं. आकडे इथे देत नाही, पण फरक इतका होता की वाद संपला. पैसे मोजले की माणसं रोजची दहा मिनिटं काढतात. फुकट मिळालं की ते मत होतं, सल्ला राहत नाही. कुत्र्याचा फायदा कशात आहे ते मग वेगळं सांगायला नको.

आणि मैत्रिणींनो, खरं सांगा, हा प्रश्न पुरुषांना कुणी विचारतं का? कापडाच्या दुकानात बसलेल्या काकांना कुणी म्हणत नाही की वस्त्रदान पुण्य आहे, पैसे कसले घेता. आपल्या समाजानं व्यापाराला कधी कमी लेखलं नाही. श्रावकाची लक्षणं सांगताना आचार्यांनी न्यायानं मिळवलेल्या धनाला मान दिला आहे. बाईचं कौशल्य मात्र घरचंच धरायचं. पापड चांगले लाटते, देईल की चार. रांगोळी छान काढते, काढेल की. कुत्र्यांचं कळतं, येईल की. दान करायचं तर ते देणाऱ्यानं ठरवायचं असतं, घेणाऱ्यानं नव्हे.

म्हणून मी नियम लिहून भिंतीवर लावला. शाळा, बचत गट, सोसायटीची बैठक, भटक्या कुत्र्यांचं काम: फुकट, पण महिन्याला चारच. घरी जाऊन पाहणं: फी, आधी. संध्याकाळी सातनंतर फोन नाही. ज्याला खरंच परवडत नाही त्याचं मी बघते, त्यासाठी वहीत एक वेगळं पान आहे आणि त्या पानाबद्दल आम्ही दोघी सोडून कुणाला ठाऊक नाही. व्यवसायाचं बँक खातं घरखर्चापासून वेगळं. उद्यम नोंदणी केली, तिला एक पैसाही लागत नाही. कुणी मागितले तर देऊ नका. सेवेच्या व्यवसायाला वर्षाच्या २० लाखांच्या उलाढालीपर्यंत जीएसटी नोंदणी सक्तीची नाही. आम्ही तिथून खूप लांब आहोत, काळजी नसावी.

एवढं सगळं शहाणपण सांगितल्यावर माझी चूकही सांगायला हवी, नाहीतर हा लेख खोटा होईल.

समाजात मिसळून व्यवसाय वाढवायचा तर समाजाच्या तोंडापासून तो जपावाही लागतो. सून कुठल्याच घराचा व्हिडिओ टाकत नाही. लोक सांगतात, आधीचं आणि नंतरचं कुत्रं दाखवा, खूप चालतं. ती म्हणते, त्यात मागं त्यांचं घर दिसतं, त्यांची भीती दिसते. हे मी ऐकून होते. तरीही एकदा मंदिराच्या ओसरीवर, कौतुकाच्या भरात, बोलून गेले की अमक्यांच्या कारवानी कुत्र्यानं आजोबांचा हात धरला होता, आमच्या सुनेनं बघा कसं सुधारलं. कारवानी म्हणजे शेतावर सशामागं पळणारी जात, हललेलं काही दिसलं की धावणारी. उसाच्या मळ्यातून ते कुत्रं दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये आणलं होतं, त्याचं तरी काय चुकलं? पण गोष्ट संध्याकाळपर्यंत त्या घरी पोचली, आणि पोचेपर्यंत हाताला आठ टाके पडले होते. खरं तर एकही नव्हता. त्यांच्या मुलीचं लग्न ठरत होतं. मुलाकडच्यांनी विचारलं, तुमच्याकडं चावरं कुत्रं आहे म्हणे.

त्यांनी सुनेला फोन करून एवढंच सांगितलं, उद्यापासून येऊ नका. तिनं मला एक शब्द सुनावला नाही. सुनावला असता तर बरं वाटलं असतं. रात्री फक्त म्हणाली, "आई, कुत्र्याचे अजून तीन आठवडे राहिले होते."

क्षमावाणीच्या दिवशी मी त्यांच्या घरी गेले. आपण त्या दिवशी सगळ्यांना हात जोडतो, निरोपही पाठवतो, पण ज्याचा खरा अपराध केला त्याच्या दारात उभं राहणं वेगळं. आजोबांनीच दार उघडलं. मी जे केलं ते नीट, नाव घेऊन सांगितलं. ते म्हणाले, "झालं ते झालं, बसा." त्यांच्या सुनेनं पाणी दिलं, पण स्वयंपाकघरातून बाहेर आली नाही. कुत्रं गॅलरीत होतं, आखूड साखळीनं बांधलेलं.

लग्न पुढं झालं, तिथंच झालं. त्या घरातून परत फोन मात्र आला नाही. राहिलेल्या तीन आठवड्यांची फी मी दुसऱ्याच दिवशी परत पाठवली होती, ती त्यांनी घेतली. सूनबाईनं उरलेल्या सरावाचा कागद लिहून माझ्याजवळ दिला होता, तोही मी त्या दिवशी आजोबांच्या हातात ठेवून आले. त्यांनी तो चष्मा लावून तिथंच वाचायला घेतला आणि विचारलं, "हे पनीर रोज किती द्यायचं?" मी म्हटलं, बोटाच्या पेरापेक्षा लहान तुकडे, दिवसाला दहाबारा. त्यांनी मान हलवली आणि कागद खिशात ठेवला.